स्वेटर कामात आहे

बाळकृष्णराव दिल्लीला गेले ते ऐन जानेवारीत, आणि त्यांच्या बॅगेत होते चार सुती शर्ट आणि दोन वेष्ट्या, म्हणजे तमिळ धाटणीची धोतरं. तंजावरच्या वीज मंडळातला माणूस. थंडी म्हणजे मार्गळी महिन्यातल्या, आपल्या मार्गशीर्षातल्या, पहाटे देवळात जाताना डोक्यावरून टॉवेल घ्यावा लागतो ती, एवढीच त्यांची कल्पना. प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी त्यांचे दात असे वाजायला लागले, की शिकवणाऱ्या साहेबांनी बोलणं थांबवून विचारलं, "काही शंका आहे का?"

दुपारी ते रस्त्याकडेला लोकरी कपड्यांचे ढीग लागतात तिथे गेले. एक तपकिरी स्वेटर उचलला. पुढे वेणीसारखी जाड वीण, गळा जरा सैल. विकणारी बाई म्हणाली, हा जुन्या मालातला आहे, नवा दाखवते, आणि तो परत घेण्यासाठी तिने हात पुढे केला. स्वेटर सुटेना. त्याच्या एका बाहीने बाळकृष्णरावांचं मनगट धरून ठेवलं होतं. बाई ओढून थकली आणि हसायला लागली. "ले जाओ बाबूजी, इसने आपको पसंद कर लिया।"

पुढचे दिवस बाळकृष्णराव दिल्लीत राजासारखे राहिले. स्वेटर बाहेर पडताना अंगाशी घट्ट होई, खोलीत आल्यावर सैल पडे, आणि धुक्यात बसची वाट पाहताना गळा आपणहून कानांपर्यंत वर येई. लोकरीचे कपडे असेच असतात, असं त्यांना वाटलं. त्यांनी आयुष्यात दुसरा कुठला लोकरी कपडा घातलाच नव्हता.

तंजावरला परतल्यावर त्यांच्या बायकोने, कनकलताबाईंनी, तो उन्हात झटकला, घडी केली आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. संध्याकाळी पाहतात तर स्वेटर खिडकीच्या गजांशी बसलेला, बाह्या गजांतून बाहेर. रस्ता बघत असल्यासारखा. त्यांनी पुन्हा ठेवला. तो पुन्हा बाहेर.

"मजला विचाराल तर ह्यात जीव आहे," कनकलताबाई म्हणाल्या.

"लोकर आहे ती. जीव होता तो मेंढीचा, मेंढीपाशीच राहिला."

"मग ट्रंकेची कडी कोण काढतं? मेंढी?"

बाळकृष्णराव ट्रंकेशी वाकले. त्यांनी गोळ्या काढून टाकल्या आणि स्वेटर खुंटीवर आला. घरात मराठी, गल्लीत तमिळ, ऑफिसात इंग्रजी. या तिन्हींतली कुठली भाषा दिल्लीच्या स्वेटरला कळणार, असा प्रश्न बाळकृष्णरावांनी एकदा काढला होता. कनकलताबाईंनी तो तिथेच निकालात काढला. घरात राहतो ना, मग घरातलीच कळेल. त्या त्याच्याशी मराठीत बोलत आणि तो खुंटीवर जरासा हले.

पण उन्हाळा आला तसा तो कोमेजत गेला. वीण सुटी सुटी दिसायला लागली, तपकिरी रंग धुळीसारखा झाला. बाळकृष्णराव म्हणाले, कसर लागली असेल. कनकलताबाईंनी त्याला उलटसुलट करून पाहिलं.

"कसर नव्हे. त्यास काम नाही. तुम्हाला सलग सुट्ट्या आल्या की तुम्ही असेच दिसता."

काम मिळालं ते ऐप्पशीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात. शेजारचा सुब्रमण्यम लॉरी चालवायचा. कुठून तरी हिवताप घेऊन आला आणि परसातल्या ओसरीवर खाटेवर पडून असा कापत होता, की खाटेचे पाय फरशीवर वाजत. तीन गोधड्या घातल्या तरी थांबेना. रविवार होता. बाळकृष्णराव आपल्या परसात दात घासत उभे होते, आणि तिथे त्यांनी जे पाहिलं ते नंतर नाकारायची त्यांना कधी सोय राहिली नाही. दोरीवर टाकलेल्या स्वेटरने एक बाही भिंतीवर टाकली. मग दुसरी. मग जाडजूड गृहस्थ मागच्या दाराने बसमध्ये चढतात तसा, धापा टाकत, तो भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला. वारा असेल म्हणून त्यांनी केळीकडे पाहिलं. केळीचं पान हलत नव्हतं.

ते धावत शेजारी गेले. स्वेटर सुब्रमण्यमच्या छातीवर पसरला होता, बाह्या त्याच्या काखेखालून पाठीमागे गेलेल्या. थरथर हळूहळू उतरली. मग तापाला घाम सुटायची वेळ झाली, तशी स्वेटरने मिठी सोडली, खाली उतरला आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहिला.

बाळकृष्णरावांच्या मनात घर केलं ते या उतरण्याने. चिकटून राहणारे खूप असतात. आपली गरज कधी संपली हे ओळखून आपणहून बाजूला होणारा त्यांनी आख्ख्या वीज मंडळात पाहिला नव्हता.

बरा झाल्यावर सुब्रमण्यम धुतलेली वेष्टी नेसून, हातात लिंबू घेऊन दारात आला. मोठ्या माणसाला भेटायला जावं तसा.

"डेल्लीकारर इरुक्कारा?" त्याने विचारलं. दिल्लीवाले साहेब आहेत का घरात?

कनकलताबाईंनी खुंटीकडे बोट दाखवलं. सुब्रमण्यमने स्वेटरपुढे लिंबू ठेवलं, हात जोडले आणि तो गेला. त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव डेल्लीकारर पडलं, आणि त्यातला 'रर' हा आदराचा, तो कुणी कधी गाळला नाही.

वर्षं गेली. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला, घरांवर केबलच्या तारा आल्या, सुब्रमण्यमने लॉरी सोडून भाड्याची मोटार घेतली. डेल्लीकाररचं काम चालू होतं. कुणाला हुडहुडी भरली, कुणी ऑपरेशन होऊन घरी आलं, कुणी म्हातारं माणूस पावसात भिजलं, की निरोप येई. तो गेला की रंग उजळून परत येई. एकदा रेशमाच्या एका बड्या व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नानंतर नवराबायकोला उटीला न्यायला म्हणून त्याला मागितलं. डेल्लीकारर तिथल्या तिथे असा कडक झाला, जणू पेजेत बुडवून वाळवलाय. व्यापाऱ्याने तो उभा धरला तर तो उभाच राहिला. शेवटी मुलगा आणि सून उटीला शाल घेऊन गेली.

घरात त्याला न मानणारा एकच, बाळकृष्णरावांचा मुलगा सतीशकुमार. तो कॉम्प्युटर शिकला, मद्रासच्या कंपनीत लागला. "अप्पा, तुम्ही इंजिनिअरिंग खात्यातले, आणि कपड्याला रामराम करता?" असं तो सुट्टीत आला की म्हणे. एका वर्षी त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. गाव मिनियापोलिस. सतीशने तिथलं तापमान सांगितलं तेव्हा कनकलताबाईंना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. बर्फाच्या पेटीतसुद्धा एवढी थंडी नसते.

बाळकृष्णराव मात्र उठून खुंटीपाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्याशी उघड बोलले.

"बाबा रे, तुझ्या तोलामोलाचं काम आलं. हिवताप, सर्दी हे काय, पोरासोरांचे खेळ. आता खरी थंडी बघशील. माझ्या मुलाला सांभाळ."

स्वेटरवर हात ठेवला तर तो ऊबदार लागला. त्यांनी त्याला स्वतः रिठ्याच्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं आणि सतीशच्या सुटकेसमध्ये सगळ्यांत वर ठेवलं. सतीशने खांदे उडवले. पण ठेवू दिलं.

निघायच्या दोन दिवस आधी तंजावरजवळच्या पापनाशमकडून फोन आला. कनकलताबाईंची भाची हरिता तिथल्याच एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा साईराम घरची भातशेती बघायचा. तोच बोलत होता. हरिता सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी आहे. श्वास घेते, पण फार लहान आहे. हरिताला ताप चढलाय. पाऊस थांबत नाही आणि कालव्यावरचा रस्ता पाण्याखाली गेलाय, गाडी मिळत नाही.

कनकलताबाईंनी हाताला लागतील तेवढ्या जुन्या मऊ साड्या पिशवीत भरल्या. बाळकृष्णराव सतीशला म्हणाले, "आम्ही होऊन येतो. नाहीच जमलं तर तुझी मद्रासची गाडी पापनाशमला थांबते, तिथे फलाटावर भेटू." बस मिळाली ती पापनाशमपर्यंत. पुढे साईरामच्या ओळखीच्या एका माणसाच्या ट्रॅक्टरवर बसून, दोन्हीकडे बुडालेलं भात बघत ते गावात शिरले.

घरात धनलक्ष्मी होती, गावची सरकारी नर्स. गुडघ्यापर्यंत साडी भिजलेली. मुलगी सुपात कापसावर ठेवलेली होती. वजनाने एखाद्या सोललेल्या नारळाएवढी, अंगावर लव, ओठ निळसर.

"आईच्या छातीशी उघडी ठेवायला हवी," धनलक्ष्मी म्हणाली. "पण आई तापाने फणफणलीय, तिला शुद्ध नाही. बापाच्या छातीशी ठेवून पाहिलं, तो रडतो आणि हलतो. रस्ता उघडेपर्यंत हिला ऊब पाहिजे, एकसारखी. कमी नको, जास्त नको."

कनकलताबाईंनी साड्या काढायला पिशवी उघडली. साड्यांवर डेल्लीकारर बसला होता.

"तू इथं कसा?" बाळकृष्णराव ओरडलेच. "अगं, हा सतीशच्या सुटकेसमध्ये होता! तू काढलास?"

"मी कशाला काढू? मी हात लावला नाही."

तोवर स्वेटर पिशवीतून उतरला होता. जमिनीवरून सरकत तो सुपाशी गेला, काठावर थांबला आणि धनलक्ष्मीकडे वळून राहिला. परवानगी मागितल्यासारखा. तिने डेल्लीकाररची कीर्ती ऐकली असावी, किंवा त्या दिवशी तिला कशाचंच नवल वाटत नसावं. तिने पोर उचललं. स्वेटर सुपात शिरला, पसरला, आणि तिने पोर त्यावर ठेवताच त्याने बाह्या दुमडून घेतल्या. मग तो आकसायला लागला. वीण विणीत शिरली, गळा मिटत मिटत पोरीच्या चेहऱ्याभोवती आला. थोड्या वेळाने सुपात एक तपकिरी गाठोडं होतं आणि त्यातून चिमूटभर नाक बाहेर.

तिच्या ओठांचा निळा रंग संध्याकाळपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे थकून जिथे जागा मिळाली तिथे लवंडले. सुपाशी बसायची पाळी बाळकृष्णरावांची होती. खरं सांगायचं तर ते जरा घुश्शात होते. उद्या सकाळी सतीशची गाडी. ते सुपाकडे पाहत मनात हिशेब मांडत होते: रस्ता उघडला, पोरीला इस्पितळात नेलं, की याला घेऊन फलाटावर जायचं.

पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं, की पोरीची छाती हलत नाहीये. नाकाभोवती राखाडी छटा आली. ते तोंड उघडून धनलक्ष्मीला हाक मारणार, एवढ्यात स्वेटरच्या पाठीतून एक लाट गेली. खालून वर, अगदी हलकी, मांजरीने पिलाला चाटावं तशी. पोरीने झटका देऊन श्वास घेतला. एक. मग दुसरा. रंग परत आला.

त्यांना वाटलं, भास झाला. ते पुढे वाकले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. छाती थांबली, लाट गेली, छाती चालू झाली. मग त्यांना कळलं की स्वेटर स्वतःही श्वासासारखा वरखाली होतोय, पोरीला ताल धरून देतोय. ती चुकली की तो तिला आठवण करून देत होता. कालपासून तो हेच करत होता, आणि या घरातल्या कुणाला ते कळलंही नव्हतं.

धनलक्ष्मी उठून आली तेव्हा त्यांनी तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत बसली.

"इतकी लहान मुलं श्वास घ्यायचं विसरतात," ती म्हणाली. "तळव्याला टिचकी मारून आठवण करावी लागते. मला वाटलं, ही काही विसरत नाही, नशीबवान आहे."

पुढच्या सकाळी पाऊस उघडला. बाळकृष्णराव अंघोळ करून, शर्ट घालून सुपाशी आले आणि उकिडवे बसले. "जायचं ना?" त्यांनी हळूच विचारलं. "गाडीची वेळ होत आली."

उटीच्या वेळेसारखा तो कडक होईल, असं त्यांना वाटलं होतं. तसा झाला असता तर बरं, निर्णय त्याच्यावर ढकलता आला असता. पण स्वेटर मऊच राहिला. त्यांनी गळ्याशी बोट घालून कड उचलली, त्याने उचलू दिली. आतून पोरीचा खांदा दिसला, सुपारीएवढा. बाहेरची हवा लागताच तिची हनुवटी थरथरली. बाळकृष्णरावांनी कड खाली ठेवली, नीट दाबली आणि चप्पल घालून एकटेच ट्रॅक्टरकडे निघाले.

पापनाशमच्या फलाटावर गाडी थांबते ती थांबल्यासारखं करण्यापुरती. सतीश दारातच उभा होता. त्याने वडिलांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"अप्पा, स्वेटर? मी सुटकेस उघडून पाहिली तर नाही. तुम्ही नेलात ना?"

"तो कामात आहे," बाळकृष्णराव म्हणाले.

"काय?"

"कामात आहे तो. येऊ शकत नाही."

सतीश हसला, पण ते हसू टिकलं नाही. "अप्पा, मी बर्फात चाललोय. मला कुणी ओळखत नाही तिथे. मी म्हणायचो काहीबाही, पण मनात होतं, तेवढा एक घरचा सोबत असेल."

बाळकृष्णरावांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं टर उडवणारं पोर, आणि मनात हे. त्यांनी दाराच्या दांड्याला धरलं आणि घाईघाईने, शब्दांवर शब्द आपटत, सुपाचं सांगितलं. छाती कशी थांबते. लाट कशी जाते. सकाळी कड उचलली तेव्हा काय दिसलं. तोवर गार्डने शिट्टी दिली होती.

"तिला ताल धरून देतो?" सतीशने विचारलं.

"हो."

"स्वतः श्वास घेऊन?"

"हो रे."

गाडी हलली. सतीशने वाकून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, दोन पावलं ते तसेच चालले. "मग राहू दे त्याला," तो म्हणाला. "अप्पा, त्याला सांगा, सतीशने नमस्कार सांगितलाय."

बाळकृष्णरावांनी परत जाऊन तो निरोप मराठीत सांगितला, सुपाशी वाकून, शब्द न बदलता.

रस्ता उघडल्यावर तंजावरहून डॉक्टर आले. त्यांनी पोरीला तपासलं, गाठोड्याकडे पाहिलं. "हे चाललंय ते चालू द्या," एवढंच ते म्हणाले. हरिताचा ताप उतरला, पोर आईच्या छातीशी गेलं, तेव्हा डेल्लीकारर दोघींच्या भोवती राहिला. महिना उलटून गेला तरी तो उतरला नाही, आणि कनकलताबाईंनी त्याला बोलावलंही नाही.

मिनियापोलिसहून सतीशचा फोन यायचा. इथे खोल्या इतक्या तापवलेल्या असतात की मी शर्टावर बसतो, असं तो सांगे. बाहेरसाठी मोठं जॅकेट घेतलंय, पिसं भरलेलं. "गरम आहे, अप्पा, पण मठ्ठ आहे. आपण घातलं तरच येतं." मग तो विचारी, "पोरीचं काय?" वजन वाढलं की तिकडून आरोळी ऐकू येई.

मुलीचं नाव साईप्रिया ठेवलं. बाळकृष्णराव आणि कनकलताबाई तिला बघायला गेले ते चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात, अंगाची लाही होत असताना. साईप्रिया ओसरीत चटईवर उघडीच लोळत होती, मांड्यांना वळ्या, तोंडात स्वतःची मूठ. डेल्लीकारर खिडकीच्या सावलीत पडला होता. तो पुन्हा मोठा झाला नव्हता. ऊब आणि ओल महिनोन्महिने मुरून त्याची वीण कायमची बसली होती, घट्ट, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी. समोरची वेणी आता बोटाएवढी. कनकलताबाईंनी वाफ देऊन, हलक्या हाताने ओढून पाहिलं. एक टाकासुद्धा सरकला नाही. यापुढे तो कुणा मोठ्या माणसाच्या अंगावर येणार नव्हता. सुब्रमण्यमच्याही नाही, सतीशच्याही नाही.

"त्यास ठाऊक असेल का हो, असं होणार म्हणून?" कनकलताबाईंनी विचारलं.

"लोकरीला लोकरीचं ठाऊक असणारच," बाळकृष्णराव म्हणाले.

हरिताने सांगितलं, की धनलक्ष्मी त्याला दोनदा घेऊन गेली होती, पलीकडच्या गावांत अशीच दोन लहान मुलं झाली तेव्हा. कामावर तो आता तिच्या मोपेडच्या डिकीत बसून जातो आणि काम झालं की इथे विश्रांतीला येतो. कालच परत आलाय. फार दमलाय.

बाळकृष्णराव त्याच्यापाशी जाऊन बसले.  तो त्यांच्या हाताशी आला नाही, जागचा हललाही नाही, नुसता सावकाश वरखाली होत होता. दुपारी माणूस पोटभर जेवून झोपतो तसा. भिंतीला ताडपत्राचा पंखा अडकवलेला होता. त्यांनी तो काढला आणि स्वेटरला वारा घालायला लागले.

साईराम ताकाचे पेले घेऊन आला आणि दारातच थबकला.

"काका, लोकरीला वारा?"

"उकडतंय त्याला," बाळकृष्णराव म्हणाले. "ताक तिथे ठेव. हळू बोल." आणि त्यांनी पंखा दुसऱ्या हातात घेतला.